शेजारच्या खुर्चीवर कोट

चिरंजीवास,

म्हाताऱ्याचे अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, म्हणजे माझ्या बेताने बरा आहे. तुझी रक्तदाबाची गोळी जेवणाआधीची की नंतरची, हे मागच्या पत्राच्या उत्तरात तू कळवलं नाहीस. त्यामुळे इकडे माझाच घास खाली उतरत नाही. सूनबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिने चढताना कठडा धरा, आणि धरण्याआधी तो हलतो का ते पाहा.

तर, तुझ्या लेकीचं ते काम पाहून आलो. 'ते' अशासाठी म्हणतो की नाटक म्हणावं तर कोणी तोंड उघडत नाही, आणि नाच म्हणावा तर मध्येच सगळे भिंतीला टेकून उभे राहतात. याला आजकालचा बॅले म्हणतात. पण कथा मात्र आपल्याच जुन्या नाटकाची. ज्या नाटकाचा प्रॉम्प्टर म्हणून मी विंगेत बसून उभा जन्म पुटपुटत काढला, तेच. (तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. लेक भांडून घर सोडते, शेवटच्या अंकात परत येते, बाप पाठमोरा उभा असतो, आणि तसाच उभा राहून म्हणतो, "दार उघडंच आहे." पडदा. रडारड.) तुझ्या लेकीने नाचापायी बँकेतली नोकरी सोडली तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस, त्यात मी पडत नाही. या वयात पडलो तर उठवणार कोण?

ऑपेरा हाउस म्हणजे प्रकरण मोठं आहे. जिन्यावर गालिचा इतका जाड की पाय टेकला की नाही तेच कळत नाही. मी अर्धा जिना चढलो तेव्हा घरचा गॅस बंद केला का ते आठवेना, म्हणून खाली उतरलो, मग केल्याचं आठवलं, म्हणून परत चढलो. तुझ्या लेकीने दोन तिकिटं पाठवली होती. (दुसरं कोणासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.) शेजारच्या खुर्चीवर मी कोट ठेवला. जागा दाखवणाऱ्या बाई आल्या. "आजोबा, इथे कोण आहे?" म्हटलं, माझा मुलगा. "कुठे आहेत?" म्हटलं, येतोय. मध्यंतरानंतर त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "अजून येतायत?" त्यावर मी खोकलो. मला खोकला सोयीने येतो.

आता मुख्य घोटाळा. शेवटच्या अंकात तुझी लेक दारापर्यंत आली. (सुरेख येते रे. पावलाचा आवाज नाही, तरी दमलेली आहे हे कळतं.) बाप झालेला नट पाठमोरा. आणि गप्प. वाद्यंही थांबली. मी वाट पाहिली. तो हलेना. इतक्या वर्षांची सवय, बाबा! नट अडकला की प्रॉम्प्टरने विचार करायचा नसतो, वाक्य पुरवायचं असतं. या बॅलेत मुळात कोणी बोलतच नाही, हे मी त्या घटकेला साफ विसरलो आणि कुजबुजलो, "दार उघडंच आहे." तो ढिम्म. मग जरा मोठ्याने, "अहो, दार उघडंच आहे!"

माझी कुजबुज विंगेतून नटापर्यंत जायची, पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. पण ही वास्तू गायकांसाठी बांधलेली. टाचणी पडली तरी वरच्या गॅलरीला कळते. कोणी हसलं, कोणी शुक्‌ केलं, बाई बॅटरी घेऊन धावल्या. आणि बाप शेवटपर्यंत वळलाच नाही. लेक निघून गेली. पडदा.

खेळ संपल्यावर भीत भीत आत गेलो. ती बाकावर बसून पायाच्या चिकटपट्ट्या सोडवत होती. (दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, थेट तुझं. बिचाऱ्या बोटाचे फार हाल आहेत.) मला वाटलं, आता खैर नाही. तर तिने आधी माझ्यामागे पाहिलं, दाराकडे. मग म्हणाली, "आजोबा, हसू दाबता दाबता माझी बरगडी दुखली." मी म्हटलं, अगं, पण शेवट का बदललात? मूळ नाटकात तो बोलतो! ती पट्टी गुंडाळत म्हणाली, "तुमच्या नाटकातला बोलतो, आजोबा. आमचा नाही बोलत. तो कसा उभा राहील, हे नाच बसवणाऱ्या बाईंना कळत नव्हतं. मी दाखवलं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो नट डावा हात मानेमागे धरून, एका पायावर भार देऊन उभा होता. घरात जरा काही बिनसलं की तू खिडकीशी असाच उभा राहतोस, लहानपणापासून. मी त्याला आधी का ओळखलं नाही कोण जाणे. की ओळखलं होतं, आणि म्हणूनच तोंड उघडलं?

असो. गोळीचं कळव.

तुझा,
बाबा

ता. क. शनिवारी शेवटचा खेळ आहे. झाल्या प्रकारामुळे ऑपेरा हाउसवाल्यांनी मला बजावलंय की बरोबर घरचं जबाबदार माणूस असल्याशिवाय आत सोडणार नाही. तोंडावर हात ठेवायला कोणीतरी हवं. तेव्हा तुला यावंच लागेल. शनिवारची तिकिटं दोन्ही माझ्याकडे आहेत.

ता. क. दुसरा. तसं कोणी काही बजावलेलं नाही. त्या जागा दाखवणाऱ्या बाईंनी उलट मला पाणी आणून दिलं. पण तू ये. बोलायचं काही नाही, तिथे कोणीच बोलत नाही. नुसतं कोटाच्या जागी बसायचं. आणि नंतर आत तिच्याकडे गेल्यावर अडलास, तर मी मागे उभा आहेच.