अम्मींची आजची दुआ

मंगळवार, घोडपदेव

लिहू नये असं वाटतंय, पण सांगू कोणाला?

डॉक्टरांनी इक्बालला घरी न्यायला सांगितलं, तेव्हापासून अम्मी, माझ्या सासूबाई, मगरिबची, दिवेलागणीची नमाज त्याच्या खोलीच्या दाराशीच पढतात. नमाज झाली की तिथेच बसून तस्बीह, अल्लाहच्या नावाचा जप. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत राहतो. मग हात पसरून रोजची दुआ, "या अल्लाह, माझ्या लेकाला शिफा दे, बरा कर त्याला." आणि आतून इक्बालचं बारीक आवाजात "आमीन".

आज त्यांचा अंगठा मध्येच एका पेरावर थांबला. मला वाटलं, मोजणी चुकली. बऱ्याच वेळानं तस्बीह पुरी केली, हात पसरले आणि म्हणाल्या, "या अल्लाह, माझ्या लेकाचं जाणं आसान कर."

आई ना ही? इतक्यात हरली? सकाळी तर त्यानं दोन चमचे पेज घेतली होती. की मलाच काही दिसत नाहीये?

त्याच्या कानावर पडू नये म्हणून दार ओढायला धावले. तेवढ्यात आतून आलं, "आमीन." रोजच्यापेक्षा मोठ्यानं.

आत्ता इशाची, रात्रीची नमाज पढले. माझा अंगठा पहिल्या पेरावरून हलेचना. तस्बीह संपली की दुआ मागावी लागते.