वरच्या शेताचा फोटो

कामिसावा,
१४ जुलै १९७१

ती. तामोत्सुदादास,
किनुएचा शि. सा. न.

वरच्या शेतात लावणी करणाऱ्या बाबांचा फोटो काढला, तेव्हा ते शेत यंदा कागदावर पडीक आहे, हे मला आठवलं कसं नाही? दोन दिवस स्वतःला विचारतेय. घरातली पहिली पदवीधर मी!

सरकारला भात कमी हवं म्हणून वाडीने पडीक ठेवायची शेतं आपापसात वाटून घेतली आणि तसं लिहून दिलं, हे तुला ठाऊकच आहे. बाबांनी वरचं शेत लिहून दिलं आणि तिथे गुपचूप लावणी केली. सगळ्या वाडीला माहीत होतं, कुणी बोललं नाही. आणि मी तोच फोटो सेंदाईच्या मासिकाला पाठवला, खाली ‘मे १९७१’ असं लिहून. पानभर छापून आला.

काल ओइकावाकाका आले. वाडीचे प्रमुख म्हणून त्यांनाच बोलावं लागणार. चहाला हात लावला नाही. म्हणाले, “इतके दिवस आम्हाला दिसत नव्हतं. छापून आल्यावर दिसत नाही कसं म्हणू?”

वीस तारखेला तपासणी आहे. पडीक लिहिलेल्या एका जरी शेतात भात सापडलं, तर सगळी वाडी दोषी ठरते. मग आपल्याला वाळीत टाकतील. ना पाण्याची पाळी, ना मयताला खांदा. काका म्हणतात, हिरवं भात कापा आणि फोटो मागच्या वर्षीचा, तारीख चुकली, असं पोरीकडून लिहून द्या.

बाबा ऐकत नाहीत. दिवसभर बांधावर बसून असतात. आई तिथे भाताचे गोळे नेऊन ठेवते, ते तसेच परत येतात. दादा, काय करू?

तुझी,
किनुए


कावासाकी,
१६ जुलै १९७१

चि. किनुए हिस अनेक आशीर्वाद.

शिकून पहिलं काम काय केलंस, तर बापाला पकडून दिलंस, असं मनात येऊन आधी हसलो. मग ताट बाजूला सारलं. कारखान्यात सुट्टी मागितली, मिळाली नाही.

आज ओइकावाकाकांच्या घरी फोन करून बाबांना बोलावून घेतलं. भात जाईल म्हणून ते अडून बसलेत, असं मला वाटत होतं. तसं नाही. ते म्हणाले, “पोरीचं नाव पहिल्यांदा छापून आलंय. मी कापलं, की ती खोटी पडेल.” तुला सांगू नकोस म्हणाले. मी सांगतोय.

यापुढे काय करायचं, ते मी सांगणार नाही. रडत मात्र बसू नकोस. आईला जप.

तुझा,
दादा


कामिसावा,
१९ जुलै १९७१

ती. दादास,
सा. न.

पत्र काल मिळालं. फोटो खोटं बोलत नाही, हे बाबांना मीच वर्षभर ऐकवत होते. त्यांनी ते खरं मानलं.

आज सकाळी फोटो मागच्या वर्षीच्या मे महिन्यातला, तारखेची चूक माझी, असं लिहून, सहीऐवजी नावाचा शिक्का मारून काकांना दिलं. त्यांनी कागद डोक्याला लावला; मला तिथे उभं राहवेना. तसंच पत्र मासिकालाही टाकलं. आपल्या वाडीच्या अख्ख्या वर्षाचे फोटो मासिकवाले माझ्याकडून काढून घेणार होते. आता कुठल्या तोंडाने विचारू?

मग विळा घेऊन वर गेले. भात पोटरीवर आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्याच बाकी होत्या. बाबा बांधावरच होते. “थांब, पोरी,” एवढंच म्हणाले. मी थांबले नाही. थोड्या वेळाने ते उठले. मला वाटलं, विळा हिसकावतील. माझी मूठ चुकत होती, ती त्यांनी नीट धरायला लावली आणि पुन्हा जाऊन बसले.

रागावलास तरी पत्र टाकत जा. दुपारपर्यंत मी सगळं शेत कापलं.

तुझी,
किनुए