शनिवारी मला काय दिसलं

विलिस्टन, नॉर्थ डकोटा
बुधवार

प्रिय ओडेट,

मी बरा आहे. तेलविहिरीवरचं काम नीट चाललंय. तुझा गुडघा कसा आहे?

"दीड हजार मैलांवरून तुला असं काय दिसलं, की पोराचा मोसम बुडवलास?" असं विचारून तू फोन ठेवलास. म्हणून लिहितोय.

इथल्या डिशवर याच भागातल्या कॉलेजांचं फुटबॉल दिसतं. मी इंटरनेटवरचं सगळ्यात मोठं पॅकेज घेणार होतो, तर खोलीतला हॉवी म्हणाला, "अरे थांब, आधी यादीत लेलँडचं कॉलेज आहे का बघ." नव्हतंच. ते निघालं एका छोट्या, स्वस्त पॅकेजात.

तू स्टेडियममध्ये पार वर बसली होतीस. लेलँड डोक्यावर आपटला तेव्हा कॅमेरा त्याच्या अगदी जवळ होता. उठून तो समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागला. समालोचक हसले. आपला बाक कुठला, हेच त्याला कळत नव्हतं.

संध्याकाळी तो फोनवर म्हणाला, "बाबा, मी ठणठणीत आहे. तुम्ही सामना पाहिलात?" पाहिला म्हटलं. मिनिटाभराने त्याने पुन्हा तेच विचारलं. तेव्हा मी त्याच्या कोचना फोन करून त्याला डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं.

डॉक्टर म्हणाले तसा मोसमाचे उरलेले तीन आठवडे न खेळता तो बरा होईल, काळजी करू नकोस. तो माझा फोन उचलत नाही. चिडू दे. तू मात्र उचल.

आणि रोज सकाळी त्याला आज कुठला वार आहे ते विचार. काय सांगतो, ते मला कळव.

तुझाच,
क्लोव्हिस