बांजवनाचा कागद

सिलखेत,
१२ जून

प्रिय त्रिलोकदाज्यू,

नमस्कार. हल्द्वानीत तू आणि बोजी, दोघं नवराबायको, सुखरूप असाल. इथे इजा बरी आहे; आईची खबर तू विचारत नाहीस, म्हणून मीच सांगते. म्हैस व्यायली, पारडी झाली. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते.

तुमच्या हॉटेलाचं माहितीपत्रक दुकानात वाचलं. 'जूनमध्येही स्वेटर लागेल अशी हवा, समोर बर्फाची शिखरं, बुरांसाची लाल जंगलं आणि डोंगराच्या कुशीतून बारमाही वाहणारे झरे.' भाषा तुझीच. शाळेत निबंधाचं बक्षीस तुलाच मिळायचं.

आता खरं हवामान ऐक. चैत्रात आपल्या नौल्यातल्या झऱ्याची धार करंगळीएवढी झाली, वैशाखात नौला आटला. त्या दगडी कुंडात आता पालापाचोळा आहे. वरच्या उतारावर बांजाची झाडं होती तोवर पाऊस त्यांच्या मुळांशी थांबायचा आणि मुरत मुरत उन्हाळाभर खाली यायचा. हे मी तुला सांगायचं? गवताला जाताना तूच मला शिकवलंस ना हे? अर्धं वन तुम्ही तोडलंत. रस्त्यासाठी कातळात सुरुंग लावलेत, तेव्हा आमची भांडी फळीवरून खाली आली.

पाणी आता खालच्या ओढ्यावरून आणतो. उतरायला पाऊण तास, डोक्यावर हंडा घेऊन चढायला दीड. चनुली काकी त्या वाटेवर घसरली, खुबा मोडला. तुला कडेवर घेऊन फिरायची तीच ही काकी.

गेल्या आठवड्यात मंगळवारी ठेकेदार उरलेलं, इजाच्या नावावरचं वन तोडायला आला. आम्ही बायका वाटेवर बसलो. इजाही काठी टेकत आली.

ठेकेदार म्हणाला, "माताजी, विकलंत तुम्हीच. आता आडव्या कशाला येता?"

"मी? बांजाची वाळकी काटकीसुद्धा विकली नाही मी कधी."

त्याने कागद उघडला. इजाला वाचता येत नाही, पण अंगठा कळतो. "हा कुणाचा?"

"तुमचाच."

इजाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

दाज्यू, फाल्गुनात तो कागद तू पाठवलास. "पेन्शनचा म्हण, जास्त बोलू नकोस," म्हणालास. मी तसंच सांगितलं. मनगट मी धरलं, शाई मी लावली. ती म्हणाली, "नीट उठलाय का बघ गं, नाहीतर पेन्शन अडकवतील मेले." तो कागद कसला आहे हे मला ठाऊक होतं. माझ्या मुलीला, करुणाला, हॉटेलात नोकरी देईन म्हणालास आणि मी गप्प बसले. तेव्हा हा सगळा राग तुझ्यावरच आहे असं समजू नकोस. पण निम्मा तुझा आहे, तो तू घ्यायचा.

सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मी घेतला अंगठा. खोटं सांगून."

ठेकेदाराने कागदाची घडी केली. "आधी घरचं मिटवा," म्हणाला आणि माणसं घेऊन गेला. इजा घरी आली, म्हशीला चारा घातला. तेव्हापासून ती माझ्या हातचं जेवते, पण बोलते फक्त म्हशीशी.

मी तहसीलमध्ये लेखी दिलंय की अंगठा फसवून घेतला. त्यात तुझं नाव आहे आणि माझंही. सुनावणी दोन जुलैला आहे. काम तोवर बंद. तू ये, आणि काय केलंस ते इजाच्या तोंडावर सांग. नाही आलास तरी मी दोघांचंही सांगणार आहे. तुला वाचवणार नाही आणि मलाही नाही.

आज सकाळी इजाला म्हटलं, दाज्यूला बोलावते आहे. नऊ दिवसांनी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, "त्याला लिही, येताना प्यायचं पाणी घेऊन ये. घरात पाहुण्यापुरतं नाही."

गुन्ह्यात तुझ्याबरोबरची, आणि दोन जुलैपर्यंत तरी तुझी बहीण,
हंसी