माधुरीची खिडकीची सीट

लोधीपुरा, बुधवार संध्याकाळ

धाकट्या जावेने, माधुरीने, उद्याचा विमानाचा बोर्डिंग पास स्टेटसला टाकला, घरच्या ग्रुपवरही. इंदूर ते गोवा, खिडकीची सीट. घरात विमानात बसणारी पहिली तीच. सासूबाईंनी तर मोबाईललाच कुंकू लावलं!

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. ग्रुपवर लिहिलं, "तो फोटो काढून टाक. पीएनआर आणि आडनाव मिळालं की कोणीही तिकिटात शिरतं."

"ताई, टेन्शन नका घेऊ. हमारे पीछे कौन पडेगा?" खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. माझ्या नवऱ्याचासुद्धा!

मी जळतेय का? हो, जळतेय. पण बरोबरही मीच होते ना? म्हणून विमान कंपनीच्या साइटवर तिचा पीएनआर टाकला. आडनाव तर माझंच. तिकीट लगेच उघडलं. समोर ती खिडकीची सीट. काढली, आणि शेवटच्या रांगेतली मधली दिली, संडासाजवळची.

आत्ता माधुरीचा फोन आला, अगदी रडवेली. "ताई, सच में कोणीतरी घुसलं, सीट बदलली! तुमचं ऐकायला हवं होतं. तुम्हीच परत करून द्या ना."

खिडकीची सीट अजून रिकामी आहे, मी बघितलं.

म्हटलं, "देते. आधी ग्रुपवर लिही, ताईंचं बरोबर होतं म्हणून."