मामांचं खाकरणं

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा आधी दोन्ही हात जोडून (आणि मग दोन्ही कान धरून) नमस्कार. खोकला कसा आहे? मामींचे गुडघे? मी न सांगता शहरात निघून आलो तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षांत, तुम्ही एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही. तेव्हा राग शाबूत आहे, म्हणजे तब्येतही ठणठणीत असणार असं मी धरून चालतो. वर्कशॉपला कुलूप लावणार आहात असं मामी लिहितात. त्यावर शेवटी येतो.

गेल्या आठवड्यात सरकारी कचेरीतल्या एक बाई तक्ता घेऊन आल्या. कुशल माणसांमुळे शहराची भरभराट कशी होते, हे त्यांना मोजायचं होतं. म्हटलं, मोजा. आमच्या कारखान्यातली बंद पडलेली यंत्रं मी चालू केली, त्यावर चाळीस माणसं कामाला लागली. म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने दुसरी इस्त्री घेतली, न्हाव्याने दुसरी खुर्ची टाकली आणि घरमालकाने (ज्याने काडीही हलवली नाही) भाडं वाढवलं. पुढचा रकाना होता, 'कौशल्य कुठे मिळवलं?' त्यात जागा बोटभर. तुमचं वर्कशॉप त्यात कुठून मावणार?

तर त्या कौशल्यापायी परवा माझी शोभा झाली. साहेबांनी बारा नवे कामगार माझ्या हाताखाली दिले. मी तुमच्याच पद्धतीने शिकवलं: लाकडी दांडीचं एक टोक यंत्राला, दुसरं कानाला, डोळे मिटायचे, तीनदा खाकरायचं, 'हं' म्हणायचं आणि मग कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं. बाराही जण बारा यंत्रांपाशी एकदम खाकरले. साहेबांना वाटलं, हवेत काहीतरी पसरलं. शेड रिकामी केली, डॉक्टर आले, सगळ्यांचे घसे तपासले (माझा दोनदा). खाकरता कशाला, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की तुम्ही तेलाच्या धुराने खाकरत होतात. मी इतकी वर्षं तो विद्येचा भाग समजून पाळत आलो. पण गंमत अशी, की एकाने न खाकरता ऐकलं आणि त्याचं नेमकं चुकलं. त्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेत कलम तीन, 'तीनदा खाकरावे', तसंच ठेवलंय.

तुमच्या हाताखाली शिकलेले आम्ही चौघंही आता याच शहरात आहोत. रविवारी जमलो की तुमची नक्कल करतो आणि खूप हसतो. मामी जेवायला हाका मारायच्या आणि तुम्ही यंत्राला कान लावून म्हणायचात, "थांब गं, हे काहीतरी सांगतंय." शहर आमच्यामुळे वाढलं असेलही, पण तुमच्याकडची चार बाकं रिकामी झाली, त्याला तक्त्यात रकाना नव्हता. मला तुमची फार आठवण येते, मामा.

तुमचा,
पळून गेलेला भाचा

ता. क. हल्ली कमी ऐकू येतं म्हणून कुलूप लावताय ना? कान थकले तर दांडी दातांत धरावी, आवाज हाडांतून पोचतो, हे तुम्हीच शिकवलंत. इथे बारा जण खाकरायला तयार उभे आहेत. येऊन शिकवा.

ता. क. दुसरा. दांडी शोधू नका. जी शेजारच्या सुताराने चोरली म्हणून तुम्ही त्याच्याशी नऊ वर्षं बोलत नाही, ती शिसवी दांडी निघताना मीच उचलली होती. पोस्टाने पाठवणार नाही. आधी सुताराशी दोन शब्द बोला, मग न्यायला या. पिळायला माझा कानही इथेच आहे.