अर्धा उंट

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे तो तूर्त कागदावरच गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचं घोरणं कमी झालं का, की तू अजून कानात कापूस घालून झोपतेस? तुमच्या दुकानात चष्म्याच्या काचा घासायचं नवं मशीन आल्याचं आईकडून कळलं. हल्ली तुझं सगळं आईकडूनच कळतं, आणि माझंही तुला तसंच कळत असणार. आपल्या दोघांच्या मधे बसून ती बिचारी टपालखातं चालवते आणि अर्धे निरोप वाटेतच हरवते. इकडे सर्व ठीक. हे पत्र फक्त माझ्या चष्म्यासंबंधी आहे, भलतंसलतं काही मनात आणू नकोस. चष्म्याचं शेवटी लिहितोच, पण त्याआधी थोडं इकडचं सांगतो, कारण नुसतं चष्म्यावर पत्र लिहिलं तर पाकीट फार रिकामं दिसेल.

माझं काम तुला ठाऊक आहे. संग्रहालयात, दवाखान्यात, मोठ्या इमारतीच्या दारात अशी भिंत उभी करायची की समोर माणूस आला, त्याने हात हलवला, की भिंतीने काहीतरी करून दाखवायचं. (भावोजी याला शिकलेल्या माणसाचा बाहुल्यांचा खेळ म्हणतात. त्यांना सांग, मला ते पटलंय.) यंदा लहान मुलांच्या दवाखान्यातली भिंत आमच्याकडे आली. मुलं आणि त्यांचे आईबाप तिथे बाकांवर तासन्‌तास ताटकळत बसतात, त्यांच्यासाठी. आमच्या मुख्य बाईंनी ती भिंत मोठ्या विश्वासाने माझ्यावर सोपवली आणि त्या दिवसापासून मला काही सुचेनासं झालं. काही म्हणजे काहीच. पाच आठवडे मी रोज सकाळी कोऱ्या कागदासमोर बसायचो आणि दुपारपर्यंत त्यावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ तेवढं उमटायचं. एकदा मी तेच संकल्पना म्हणून बाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, याचं पुढे काय होतं? मी म्हटलं, पुसलं जातं.

मग बाईंनी मला आठवडाभर ऑफिसात यायला बंदी केली. बाहेर जा, चार गोष्टी बघा, हात मळवा, प्रेरणा घेऊन या, म्हणाल्या. दळण आणायला पाठवावं तसं मला प्रेरणा आणायला पाठवलं. पहिल्या दिवशी मी मातीकामाच्या वर्गात गेलो. चाकावरचं भांडं वर येता येता एका बाजूला कललं, आणि माझा डावा हात आपसूक हवेत ‘मागे घ्या’चं बटण शोधायला लागला. वीस वर्षं संगणकावर काढल्यावर हाताला अशा खोडी लागतात. बटण काही सापडेना आणि भांडं कलतच गेलं. शिकवणाऱ्या बाईंनी काय शोधताय म्हणून विचारलं, तेव्हा मी काही नाही म्हणालो आणि ओल्या हाताने चष्मा वर सारला, त्यामुळे पुढचा सगळा वर्ग मी चिखलातूनच पाहिला. घरी येताना बसमध्ये डोक्यात एकच घोळत होतं. कामात एक बोट दाबलं की केलेलं मागे घेता येतं, आणि बाहेर ते बटण कुठे बसवलेलंच नाही. मला काय मागे घ्यायचंय हे तुला सांगायला नको. पण त्याच्याकडे येतोच मी.

दुसऱ्या दिवशी चित्रांच्या संग्रहालयात गेलो. एका जुन्या, दरवाजाएवढ्या चित्रासमोर उभा राहिलो आणि वाट बघायला लागलो. काही होईना. दोन पावलं मागे गेलो, डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो. हात वर करून हळूच हलवला. (हे सगळं नकळत चाललं होतं, विश्वास ठेव. सुताराला कुठलंही टेबल दिसलं की तो ते डुगडुगतंय का बघतो, त्यातलाच प्रकार.) शेवटी एक हलकी टाळी वाजवली. तशी तिथला पहारेकरी आला. पन्नाशीचा, जाड मिशांचा, शांत गृहस्थ. काय अडचण आहे म्हणाला. मी म्हटलं, चालू होत नाहीये. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चित्राकडे पाहिलं, आणि म्हणाला, “साहेब, ते चालूच आहे. दीडशे वर्षं झाली.” मग आजारी माणसाला धरून नेतात तसं त्याने मला समोरच्या बाकावर नेऊन बसवलं. जाता जाता म्हणाला की जरा बसून बघा, होईल सुरू.

बसलो. चित्रात दोन बायका ओली चादर पिळत होत्या. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला, दोघींचा पीळ उलटा, आणि मधे चादरीचा दोर झालेला. दहा मिनिटांनी सुरू झालं. ताई, मला आपल्या घरातल्या चादरी आठवल्या. तू मधेच तुझं टोक सोडून द्यायचीस आणि मी न्हाणीत पाठीवर आपटायचो. (हे तू चुकून करत नव्हतीस हे मला चाळिसाव्या वर्षी त्या बाकावर कळलं.) मग चादर खोलीत आडव्या दोरीवर पडायची आणि वीज गेली की तिचा पडदा व्हायचा. आई मधे दिवा घेऊन बसायची. तू डावखुरी म्हणून तिच्या डावीकडे, मी उजवीकडे. दोघांनी डोळे मिटून अर्धा अर्धा प्राणी करायचा, पुढचा अर्धा माझा आणि मागचा तुझा, आणि आईने तीन म्हटलं की डोळे उघडायचे. नियम एकच होता, की काय करणार ते आधी सांगायचं नाही. मी दरवेळी उंट करायचो, कारण मला दुसरं काही येतच नव्हतं. ते तुला पक्कं ठाऊक असूनही तू त्या उंटाला एकदाही उंटाचं शेपूट दिलं नाहीस. कधी बदक, कधी मांजर, एकदा तर चहाची किटली. त्या किटलीच्या दिवशी आई हसून हसून दिवा विझवून बसली होती. मी त्या बाकावर एकटाच हसलो आणि मग डोळे भरून आले, आणि पहारेकऱ्याने लांबूनच मान हलवली.

आता ते येतंय, जे मला मागे घ्यायचंय. चौदा महिन्यांपूर्वी त्या मासिकवाल्याने विचारलं की तुमच्या प्रेरणेचं मूळ कशात आहे. मी खिडकीबाहेर बघितलं (फोटो काढत होते) आणि म्हणालो, माझ्या एकाकी बालपणात, अंधाऱ्या खोलीत मी एकटा सावल्यांशी खेळायचो. का म्हणालो? कारण एकटेपण कलावंताला शोभून दिसतं. ताई मधे आली की सगळं फार घरगुती वाटतं. बस, एवढंच कारण. त्या लिहिणाऱ्याने आणखी एक पाऊल पुढे टाकून मला आईबापांचा एकुलता एक करून टाकलं, आणि छापण्याआधी त्याने वाचायला पाठवलं तेव्हा मी तेही खोडलं नाही. अंक निघाल्यावर चार दिवसांनी तुझं कार्ड आलं. तुझ्या त्या गोल अक्षरात एकच ओळ होती, “एकुलत्या एकास, अभिनंदन.” त्यानंतर तू फोन उचलला नाहीस आणि मीही तीन वेळा करून गप्प बसलो. ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या खणात पेन्सिली असतात, त्यामुळे ते रोज वाचावं लागतं.

तर आठवडा संपल्यावर मी ऑफिसात चादर, सावल्या आणि अर्धा अर्धा प्राणी असं सगळं सांगितलं. दोन अनोळखी माणसांनी भिंतीच्या दोन कोनाड्यांत उभं राहायचं, एकमेकांचे हात दिसणार नाहीत, सावलीचा अर्धा अर्धा प्राणी करायचा, आणि भिंत ते अर्धे जोडून त्याला चालायला लावणार. सांगताना मी आणि माझी ताई, मी आणि माझी ताई असं सारखं तोंडात येत होतं. संपल्यावर मुख्य बाई म्हणाल्या, “फार छान. पण तुम्ही तर एकुलते एक ना?” ती मुलाखत त्यांनी चौकट करून दारातच लावली आहे, आणि ऑफिसातली माणसं वर्षभर पाळी लावून माझ्याबरोबर जेवायला का बसत होती तेही मला तेव्हाच कळलं. (आता कोणी बसत नाही. भाजी वाटून खायची सवय मात्र लागली होती, ती त्रास देते.) मी सर्वांसमोर सांगितलं की तसं नाही, मला मोठी बहीण आहे, आणि हा खेळ मुळात तिचा आहे. चौदा महिने जे वाक्य जमत नव्हतं ते एकदम सोपं निघालं.

पुढची भानगड यंत्राची झाली. भिंतीला शिकवावं लागतं की सावली करणारा हात कसा दिसतो, आणि त्यासाठी तिला हाताचे दोन हजार फोटो दाखवावे लागतात. उजव्या कोनाड्याचे सगळ्यांनी मिळून काढले. डाव्या कोनाड्याचे मी एकट्याने, तीन दिवस खोलीचं दार लावून, माझ्याच डाव्या हाताचे काढले. चाचणीला अख्खं ऑफिस जमलं. उजवीकडे माझा उंट छान उमटला. डावीकडे एकामागून एक सगळ्यांनी हात घातला, पण भिंत कोणाचाच हात घेईना. खुद्द माझाही घेईना. अर्धा उंट भिंतीवर उभा, डोळे मिचकावतोय आणि मधूनमधून डावीकडे बघतोय. आमचा प्रोग्रॅमर (सगळ्या गोष्टींवर शंका काढतो म्हणून त्याला शंकासुर म्हणतात) दुपारभर खपला आणि मग त्याने ते दोन हजार फोटो मला एकापाठोपाठ एक दाखवले. सगळ्यांत करंगळी वाकडी. दारात सापडून तुझी झाली तशी, अगदी तेवढीच. (दार कोणी लोटलं हा विषय आपण आता नको काढू.) फोटो काढताना मी ती वाकडी धरून बसलो होतो, आणि चाचणीत सरळ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शंकासुराने विचारलं, हा हात कोणाचा आहे? आयुष्यात पहिल्यांदा त्याने सरळ प्रश्न विचारला. मी म्हटलं, माझ्या ताईचा.

तेव्हापासून तो अर्धा उंट तसाच उभा आहे. साफसफाईच्या मावशी रोज सकाळी त्याच्याभोवतीची जागा पुसतात, त्याला वळसा घालून, आणि जाताना म्हणतात, याचं माणूस अजून आलं नाही वाटतं. मला तुझी फार आठवण येते, ताई. सुचत नव्हतं ते काही कामाच्या ताणाने वगैरे नव्हतं. मला आजवर जे जे सुचलं ते तुझ्या अर्ध्याला जोडूनच सुचलं, आणि तो अर्धा मीच खोडून टाकला होता. तेव्हा ही निव्वळ तांत्रिक अडचण समज. भिंत तुझ्या हाताशिवाय कोणाचा हात घेत नाही आणि भिंत सुरू होण्याची तारीख जवळ आली आहे. भावोजींना नमस्कार. कंबरेला शेक घेत जा.

तुझा,
एकुलता एक नसलेला,
धाकटा

ता.क. चष्म्याचं राहिलंच. नंबर वाढल्यासारखा वाटतोय आणि उजवी काच मातीकामात ओरखडली आहे. टपालाने पाठवली तर फुटेल. तू इकडे आलीस तर जागेवरच बघता येईल.

ता.क. २. चष्म्याला काही झालेलं नाही. माती त्याच दिवशी पुसली.

ता.क. ३. पाकीट बंद करण्याआधी हेही सांगून टाकतो, पुन्हा खोटं छापून आल्यासारखं नको व्हायला. भिंत परवाच दुरुस्त झाली. शंकासुराने एका दुपारी सगळ्या ऑफिसच्या हातांचे फोटो काढून तिला दाखवले आणि आता ती कोणाचाही हात घेते. काल मावशींनी पहिला मान घेतला, आणि माझ्या उंटाला झाडूचं शेपूट लावून त्या हसत निघून गेल्या. म्हणजे ‘अजून तसाच उभा आहे’ हे खरं नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर मीच त्याला पुन्हा उभा करतो. तुझ्या हाताचे दोन हजार फोटो पुसायला सांगितले होते, ते मी पुसले नाहीत. भिंतीचं भागलं, ताई, माझं नाही भागत.

ता.क. ४. भिंतीखालच्या पाटीवर तुझं नाव आधी आहे आणि माझं नंतर, लहान अक्षरांत. डाव्या कोनाड्याची उंची तुझ्या मापाने धरली आहे, आईला विचारून. ती म्हणाली, आता एक बोट कमी धर.

ता.क. ५. येणार की नाही ते कळवू नकोस. नियम तुला माहीत आहे, आधी सांगायचं नाही. येत्या दहा तारखेला सकाळी अकरा वाजता, दवाखान्यात भिंत सुरू होताना, मी उजव्या कोनाड्यात उंट धरून, डोळे मिटून उभा असेन. आई मधे उभी राहून तीन मोजणार आहे.